तांबे सरांच्या रेषेचं उत्तर टोक

नदीच्या मुखाशी पायलट, म्हणजे बंदरात शिरायची वाट दाखवणारा तिथला माणूस, जहाजावर चढला, की थोड्या वेळात किनाऱ्याची रेंज येते आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात. आम्ही हॉलंडच्या बंदरात शिरत होतो. मी मेसमन, म्हणजे जहाजावर जेवण वाढणारा, भांडी आणि केबिनी बघणारा माणूस. पायलटची कॉफी घेऊन वर चाललो होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आधी माझेच अडकलेले मेसेज सुटले... सुएझ सोडल्यापासून रोज एक असे तांबे सरांना लिहून ठेवलेले आकडे. त्यांच्यापुढे एकेक करून दोन-दोन खुणा उमटल्या. पोचले म्हणायचे. मला बरं वाटलं. मग तिकडून आलेले मेसेज उघडले, त्यात सरांच्या भाच्याचा होता. 'मामा गेले. तुझा फोन लागत नव्हता. सगळं उरकलं.' मेसेज काही दिवसांपूर्वीचा. म्हणजे माझे आकडे ज्या फोनवर आत्ता टिंग टिंग करत पोचले, तो फोन आता सरांच्या उशाशी नव्हताच. मी कॉफी वर नेऊन दिली. पायलट थँक्यू म्हणाला. तिथून उतरल्यावर जायचं कुठे, हे कळेना. जहाजावर एकट्याने रडावं अशी जागा नसते. माझ्या केबिनला खिडकी नाही आणि त्यात दोघं राहतो. डेकवर दोर टाकणारी माणसं, खाली इंजिन, मध्ये स्वयंपाकघर आणि त्यात चीफ कुक. मी जाऊन बटाटे सोलायला बसलो.

यशवंत तांबे सर मूळचे राजापूरकडचे. रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवून रिटायर झाले. मी त्यांचा विद्यार्थी नाही, हे आधीच सांगून टाकतो. श्रद्धांजलीच्या मेसेजांत सगळे 'आमचे सर' असं लिहीत होते आणि त्यात आपण लिहावं की नाही, हे ठरवण्यात माझा दिवस गेला. मी नववीत शाळा सोडली. आमचं गाव लांज्याच्या आत. वडील मुंबईत असायचे, ते वारले तेव्हा मी आधी काजूच्या कारखान्यात लागलो, नंतर रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत. सर भेटले तेव्हा मी पंचविशीला आलो होतो. सकाळी फिरून परतताना ते आमच्याकडे चहा घेत.

मला एक खोड आहे. गॅस बंद केला का, शटर ओढलं का, नळ टपकतोय का, हे मी पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. बघितलं तरी छातीत धडधड राहते. खानावळीतली पोरं माझी नक्कल करायची, मालक म्हणायचा, 'मिलिंदा, गॅसला हात लावून आशीर्वाद घेतोस काय रे?' सर एकदा हे सगळं चहा गार होईपर्यंत बघत बसले आणि मला बोलावून म्हणाले, "आत्ता पुन्हा जाऊन बघितलंस, तेव्हा काही बदललं होतं?"

"नाय सर."

"तरी बघितलंस. ह्याला आमच्यात निरीक्षण म्हणतात. तुझ्या काळजीला काम नाही रे, म्हणून ती तुला खाते. तिला काहीतरी काम देऊ."

त्यांनी दिलेलं पहिलं काम म्हणजे दहावी. बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला. दुपारी खानावळ थंडावली की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. गणित आणि विज्ञान सरांकडे, मराठी आणि इतिहास सुलभाकाकूंकडे. काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. फिजिक्सचं त्यांना वावडं. 'ह्यांच्या आकाशाचं मला काही सांगू नका, मला माझं छप्पर गळतंय ते बघू दे,' असं त्या म्हणत. पहिल्या खेपेला माझं गणित गेलं. सर रागावले नाहीत. माझा पेपर किती वेळा तपासून मी बरोबर उत्तरं खोडली, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या खेपेला सुटलो. दहावीच्या कागदावर पुढे जहाजाचा कोर्स झाला. आमच्या गावातल्या सगळ्यांना मी बोटीवर गेलो याचं कौतुक, आणि मला बंद दाराची भीती... हे फक्त सरांना माहीत होतं.

पहिल्या वेळी निघताना त्यांनी मला डबा दिला. काकू ज्यात चकल्या ठेवायच्या तो पारदर्शक चौकोनी प्लास्टिकचा डबा, आत एकावर एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, थोड्या वायरी आणि आकडे दाखवणारी छोटी पट्टी. डबा मुद्दाम पारदर्शक, कारण 'झाकलेलं दिसलं की एअरपोर्टवरचा माणूस घाबरतो.' आकाशातून अंतराळातले किरण सतत पडत असतात, आपल्या अंगातून आरपार जातात आणि आपल्याला कळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. वरची नळी एकटी बोलली तर ऐकायचं नाही, खालची एकटी बोलली तरी नाही. दोघी एकदम बोलल्या तरच वरून काहीतरी आलं म्हणायचं आणि मोजायचं. ते काम डबा आपला आपण करायचा. मी फक्त रोज ठरल्या वेळी दिवसभराचा आकडा आणि जहाज कुठे आहे ते सरांना कळवायचं. सर घरी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एक टिंब काढायचे. आडवं अक्षांश, उभा आकडा.

शंभर वर्षं होत आली, एक डच प्राध्यापक जावा बेटावरून बोटीने मायदेशी येता-जाता असंच उपकरण बरोबर नेत असे. त्याला दिसलं की विषुववृत्ताकडे आलं की हे किरण कमी होतात आणि वर उत्तरेला गेलं की वाढतात. बऱ्याच मोठ्या लोकांनी आधी ते मानलं नाही. नंतर जगभर मोजणी झाली आणि मानावं लागलं. पृथ्वी हे लोहचुंबक आहे, ते किरणांना वळवून बाजूला काढतं, असा त्याचा अर्थ. सर म्हणायचे, गणपतीत लांज्याकडे जाणारी गाडी आठव. मधल्या दाराशी एवढी रेटारेटी की अंगात जोर असलेलाच आत शिरतो, हडकुळा बाहेर फेकला जातो. ध्रुवांकडे गाडी सगळीकडून उघडी, कुणीही चढा. आमच्या सेकंड इंजिनीअर साहेबांना मी हे मोठ्या हौसेने सांगितलं, तर ते म्हणाले, हे सगळं गूगलवर आहे, तुझे सर तुला कशाला राबवतात? मी ते जसंच्या तसं सरांना कळवलं. सरांचं उत्तर आलं : 'समुद्र खारट आहे हेही गूगलवर आहे. तरी पहिल्यांदा समुद्रावर गेलास तेव्हा बोट चाटून बघितलंसच ना?'

जहाज पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडतं तेव्हा नव्या माणसाची पूजा करायची पद्धत असते. बोसन, म्हणजे डेकवरच्या कामगारांचा मुकादम, वरुणदेव झाला, माझं अर्धं डोकं भादरलं, खरकट्या पाण्याने आंघोळ घातली. हातात झाडू देऊन समुद्राला साष्टांग घालायला लावला. माझं सगळं लक्ष डब्याकडे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज आकडा सगळ्यांत खाली जाणार. गेला नाही. खालचे आकडे केव्हाच येऊन गेले होते, श्रीलंका दिसत होती त्या सुमाराला. आता तर जरासा वरच आला होता. माझी झोप उडाली. डबा बिघडला, मीच कुठे धक्का लावला, सरांचं सगळं वाया गेलं... मी वायरी बघायचो, पुन्हा झाकण लावायचो, पुन्हा बघायचो. बंदरात पोचल्यावर घाबरत फोन केला, तर पलीकडे सर हसायलाच लागले. म्हणाले, "अरे मेल्या, तुझी पूजा चुकीच्या जागी झाली. नकाशाचं मधलं आणि चुंबकाचं मधलं एक नसतं. आपल्या समुद्रात चुंबकाचं मधलं वर सरकून पार कन्याकुमारीच्या आसपास आलंय. बोसनला सांग, पुढच्या वेळी झाडू जरा लवकर काढ."

त्याचा पुढचा अर्थ त्यांनी जरा थांबून सांगितला. आपली रत्नागिरी त्या मधल्यापासून फार लांब नाही. म्हणजे सगळ्या पृथ्वीवर जिथे कमीत कमी किरण पोचतात, त्या खळग्यातच आपण राहतो. "मी जन्मभर खळग्यात बसून चढ शिकवला रे. बघितला नाही कधी." सर महाराष्ट्राबाहेर गेलेले नव्हते. आधी आई अंथरुणाला खिळलेली, मग नोकरी, मग भाऊ... कारणं खरी होती, पण त्यांच्या आवाजात ती अडसरासारखी वाजली. त्या दिवशी मला कळलं की डबा माझ्या काळजीला काम म्हणून दिलेला असला, तरी सरांना स्वतःलाही काहीतरी हवं आहे. उत्तरेचा चढ. मी मनात म्हटलं, देऊ. पण मेसमन जहाज कुठे न्यायचं ते ठरवत नाही. माझी जहाजं खळग्यातच फिरत राहिली. कोळसा, खत, तांदूळ, हीच बंदरं.

मग आम्ही अडकलो. पूर्व आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभे होतो आणि जहाजाच्या मालकाने हात वर केले. फोन उचलेना. बंदरवाले म्हणाले, बदली माणसं आल्याशिवाय तुम्हाला जहाज सोडता येणार नाही. किनाऱ्यावरची झाडं दिसायची, रस्त्यावरची बस दिसायची. तिथे पाय टेकवता यायचा नाही. महिने गेले. डाळ पातळ होत गेली, पाणी मोजून मिळायला लागलं, आंघोळ आठवड्यावर गेली. वाढणारा मी, त्यामुळे सगळ्यांचा राग ताटात पडायचा. माझी धडधड एवढी वाढली की केबिनचं दार मी उघडं ठेवूनच झोपायचो. आणि गंमत अशी, की जे लोक मला 'सायंटिस्ट' म्हणून चिडवायचे, ते आता रोज आकडा विचारायला लागले. दुसरं काही बदलतच नव्हतं. इथला बोसन तर पैज लावायचा, जो चुकेल त्याने भांडी घासायची. बहुतेक वेळा तोच घासायचा.

तिकडे रत्नागिरीत सरांची फुप्फुसं कडक होत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी पलंगापासून पडवीच्या दारापर्यंत पुरायची, पुढे नाही. पडवीत कुणी आलं तर सर उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसायचे. सुदैवाने आमचा नांगर होता तिथे किनाऱ्याची रेंज मिळायची, त्यामुळे रोज बोलणं व्हायचं. "तुझी साखळी लोखंडाची, माझी प्लास्टिकची," म्हणायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, सर, रोज तोच आकडा कशाला पाठवू, जहाज तिथेच, मी तिथेच. ते धापा टाकत पण नेहमीच्या शिकवण्याच्या आवाजात म्हणाले की पाया पक्का होतोय. चढ थोडासाच असतो. पाया डळमळीत असला तर चढ खरा की नजरचूक, हे कळणार कसं? तू पाठवत राहा.

शेवटी जहाज विकलं गेलं. नव्या मालकाला ते सुएझमार्गे हॉलंडला न्यायचं होतं. कप्तानाने सगळ्यांना मेसमध्ये बोलावून सांगितलं, ज्यांना घरी जायचंय त्यांची तिकिटं निघतील, ज्यांना राहायचंय त्यांचा नवा करार. क्षणभर मला श्वास घेता आला. घर. मी कुणाला न विचारता घरी जाणाऱ्यांत नाव सांगितलं आणि बाहेर येऊन सरांना फोन लावला, की येतोय. सर म्हणाले, "ये की. काकू वाट बघतेय." मग बराच वेळ फक्त मशीनचा आवाज. "आणि जहाज?"

"ते वर जातंय सर. हॉलंडला."

 

"मी काही सांगणार नाही, मिलिंद. मी सांगितलं तर तू ऐकशील. म्हणूनच सांगत नाही."

मी रेलिंग धरून उभा राहिलो. गेलो तर सर भेटतील, पण रेषा खळग्यातच संपेल. राहिलो तर चढ मिळेल, पण सर भेटतील याचा भरवसा नाही. त्यातून त्या दिवसांत लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "सर मोठं की आई मोठी, येवढा सांग मना." ज्या माणसाने मला दार उघडून दिलं, त्याच्याच उपकाराने आता दुसऱ्या दाराला कडी घातली, असं वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली. संध्याकाळी कप्तानाकडे जाऊन मी नाव बदललं. वेड्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. बोसन घरी गेला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, सायंटिस्ट, आकडा मलाही कळव.

लाल समुद्रात मी काय केलं ते लिहीत नाही. जो आवाज होईल तो स्फोटच असं समजून मी प्लेटा फोडल्या. सुएझ कालव्यात शिरलो तेव्हा डब्यावरचा आकडा वर होता. थोडासाच. मी दुसऱ्या दिवसाची वाट बघितली. पुन्हा वर. कालव्याच्या टोकाला रेंज होती, व्हिडिओ लागला. सर फार वाळले होते, नाकात नळी, पण पेन्सिल हातात. काकूंनी कॅलेंडर पुढे धरलं आणि त्यांनी टिंब काढायला एवढा वेळ घेतला की माझी धडधड मलाच ऐकू यायला लागली. टिंब काढून ते मागे टेकले. "एका दिवसावर विश्वास ठेवू नकोस," ते म्हणाले.

"दोन दिवस झाले सर."

"मग चढलास रे तू." थोडा दम घेतला. "आता अजून चढेल. आणि मग एका ठिकाणी थांबेल बघ. पुढे कितीही वर गेलास तरी वाढायचा नाही. चुंबकाने सोडलं तरी डोक्यावरची हवा सोडत नाही, दुबळे किरण तीच अडवते. ते थांबणं बघ नीट. लोक चढ बघतात आणि दुर्बीण खाली ठेवतात." तेच आमचं शेवटचं बोलणं. नव्या मालकाचं इंटरनेट फक्त कप्तानाच्या खोलीत, माझ्या फोनला भर समुद्रात काहीच नाही. स्पेनच्या बाजूने वर जाताना आकडा चढत गेला, इतका की मी डबा हातात घेऊन डेकवर उभा राहिलो. मग बिस्केच्या उपसागरानंतर तो थांबला. काल तेवढाच, आज तेवढाच. सरांनी सांगितलं होतं तसाच. मी ते सगळं लिहून ठेवत होतो आणि सर तेव्हा नव्हतेच, हे मला नदीच्या मुखाशी कळलं.

मी गेलो असतो तर बरं झालं असतं का, याचा निवाडा मला करता येत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाच्याने फोनवर कार्यक्रम दाखवला. बुद्धवंदना सुरू झाली आणि चित्र थिजलं. सरांचा फोटो, समोर मेणबत्त्या, एका बाईंचा उचललेला हात... तेवढंच माझ्यासमोर तासभर राहिलं. माझा करार अजून संपलेला नाही. आता आम्ही याच उत्तरेच्या पाण्यात बंदराबंदरांतून फिरतो. दिवस लहान, डेकवर बर्फ, आकडा तोच. आई बोलते, पण सरांचं नाव काढत नाही.

मागच्या आठवड्यात बंदरात असताना काकूंचा व्हिडिओवर फोन आला. त्या असा फोन कधी करत नाहीत. म्हणाल्या, मशीन परत नेलं, पलंग भाच्याने उचलला, खोली फार मोठी वाटतेय. भिंतीवर कॅलेंडर तेवढं आहे. "त्यांच्या फोनवर तुझे ते आकडे आलेत, त्यांचं काय करायचं रे?" मी म्हटलं, राहू द्या काकू. त्या म्हणाल्या, राहू कशाला द्यायचे, माणूस एवढा चढ चढून गेलाय. कसं मांडायचं ते सांग.

मी सांगत गेलो. आडवं अक्षांश कुठे, उभा आकडा कुठे, दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथे टिंब. त्यांनी पेन्सिलीने काढलं, पण फोनवर मला ते दिसेना. चूक की बरोबर कसं सांगणार? मी चारदा विचारलं, काकू नक्की तिथेच ना? त्या वैतागल्या, फोन कुठेतरी टेकवून आत गेल्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. त्यांच्या कपाळावर त्याच पाकिटातली एक होती. शेजारणींनी काय म्हणायचं ते म्हणून झालं, त्या म्हणाल्या, टिकली काढायची नाही असं ह्यांनी बजावून ठेवलं होतं. मग एकेक लाल टिकली त्यांनी कागदावर चिकटवली. सुएझपर्यंत सरांची पेन्सिल, तिथून पुढे काकूंच्या टिकल्या. स्पेनपाशी त्या वर वर जायला लागल्या, तेव्हा काकू नकळत टाचा उंचावून उभ्या राहिल्या.

"अजून वर?"

"नाही काकू. आता सपाट. त्याच ओळीत, शेजारी शेजारी."

"कुठपर्यंत?"

"मी सुटेपर्यंत."

त्यांनी पाकिटात उरलेल्या टिकल्या बघितल्या, पाकीट कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाल्या, "बरं. उद्याचा कळव."